मावशीचा डोळा

ताऱ्याचं अंतर निघालं तर भाचीला कायमची नोकरी, मावशीचं टेबल आणि खिडकीजवळची जागा मिळणार होती. नाही निघालं तर घरचा रस्ता. फायदा सरळ होता. तारा तेवढा सरळ नव्हता.

काम तसं सोपं. बोट समोर धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटला की बोट हललेलं दिसतं. तसंच सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे पोचली की जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढे केसभर सरकतो. तो केस मोजायचा, अंतर काढायचं. त्यासाठी फोटोच्या दोन काचा, सूक्ष्मदर्शक आणि एक नियम: दोन्ही काचा एकाच माणसाने मोजायच्या, कारण प्रत्येकाचा डोळा आपापल्या परीने चुकतो.

जानेवारीची काच मावशीने मोजली, आकडे वहीत उतरवले आणि ती टेबलाशीच कोसळून गेली. हातातली काचही तिच्याबरोबर पडून फुटली. जुलैची भाचीच्या वाट्याला आली. तिने आकडे जुळवले, तर तारा उलटाच सरकलेला.

"अंतर वजा आलंय," वेधशाळेचे साहेब म्हणाले. "म्हणजे स्वारी अनंताच्याही पलीकडे राहायला गेली."

"मग करू काय, साहेब?"

"तुझी मावशी जरा डावीकडे वाचायची. तिच्या जुन्या काचा काढ. तिचेच आकडे येईपर्यंत मोजत बस. मग जुलैला हात लाव."

पहिला आठवडा वाया गेला. दुसऱ्यात तिने मावशीसारखी मान तिरकी केली, श्वास रोखला. आकडे जवळ यायला लागले. महिन्याअखेरीस तिने वही न उघडता एक काच मोजली. एक आकडा लिहिला, खोडला, वर दुसरा लिहिला. मग वही उघडली. मावशीनेही तोच आकडा खोडला होता आणि वर तोच दुसरा लिहिला होता. घाबरायला हवं होतं. भाचीबाई मात्र खूश झाल्या.

जुलैची काच पुन्हा मोजली. तारा मुकाट जागेवर आला.

घरी आईने पाण्याचा पेला पुढे केला. भाचीचा हात केसभर डावीकडे गेला, पेला कलंडला.

"असू दे ताई, मी पुसते," आई म्हणाली.

ताई म्हणजे आईची थोरली बहीण. ती तर गेली होती.

"आई, मी आहे."

"हो गं," आई म्हणाली आणि फडकं पिळत राहिली. वर काही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने शिकाऊ असताना मोजलेली स्वतःची काच काढली. चारदा मोजली. चारही वेळा आकडे तिच्या जुन्या आकड्यांच्या केसभर डावीकडे, मावशीच्या डोळ्याचे आले.

ताऱ्याला अंतर मिळालं, साहेबांना शोधनिबंध, भाचीला टेबल. आईला बहीण परत मिळाली. बदल्यात मुलगी गेली, आणि देतेस का म्हणून आईला कोणी विचारलंही नव्हतं.