मुंढ्यातली खाच

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा नमुना आहे. शर्टाचा. शिंपीमास्तरांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो आणि पंखा लागला की भिंतीवर खडखडतो. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. त्यात सध्या जिवाला नुसता घोर लागलाय, म्हणून आज सगळं बोलूनच टाकतो.

मास्तरांच्या वडिलांचा एक नमुना होता. तो नव्या पुठ्ठ्यावर ठेवून मास्तरांनी कडेने पेन्सिल फिरवली आणि मला कापून काढलं. त्या जुन्याच्या मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलाईत, एक बारीकशी खाच होती. पेन्सिल इमानदार, ती खाचही तिने माझ्यात उतरवली.

माझ्यावरून ढीगभर शर्ट निघाले. गिऱ्हाइकं मास्तरांच्या हाताचं तोंडभर कौतुक करायची. अधूनमधून मात्र शर्ट काखेत उसवून परत यायचा. सगळे नाही हं, एखादाच. मग मास्तर दोऱ्याला शिव्या घालायचे, मशीनला तेल पाजायचे. माझ्याकडे बघायचं त्यांच्या मनातही यायचं नाही. वडिलांचा नमुना, त्यात खोट निघेलच कशी?

घरातही त्यांचं तेच. त्यांची आई छातीतल्या गाठीने ऐन उमेदीत गेली, पुढे धाकटी बहीणही त्याच कर्करोगाने गेली. एकीच्या वेळी त्यांनी काळजीला बोल लावला, दुसरीच्या वेळी खाण्यापिण्याला. त्यांची लेक चिमणी आता मोठी झालीय, त्यांच्या शेजारी उभी राहून कापड बेतते. ती तिच्या आईच्या वळणावर गेलीय, तिला कसला आलाय धोका, अशी ते मनाची समजूत घालत राहिले.

चिमणी मात्र डॉक्टरीणबाईंना भेटून आली. बाईंनी सांगितलं, काही घराण्यांत जनुकातला एखादा बदल पिढ्यान् पिढ्या उतरत जातो, आणि तो बापाकडूनही येतो. उतरेल किंवा नाही उतरणार, नाणं उडवल्यासारखंच. आजी आणि आत्या आता नाहीत, तेव्हा आधी वडिलांचं रक्त तपासू या. मास्तरांनी कानांवर हात ठेवले. आपण ठणठणीत आहोत, गाडलेली मढी कशाला उकरायची, म्हणाले. पुढे कित्येक दिवस बापलेकींत धड बोलणं नाही. तो कात्री आपटतोय, ती इस्त्री आपटतेय, आणि मी खिळ्यावर तळमळतोय!

शेवटी चिमणीनेच मला खाली उतरवलं. माळ्यावरून तो जुना नमुना काढला, त्यावर मला ठेवलं आणि वडिलांचं बोट धरून मुंढ्यावरून फिरवलं. खाचेशी बोट अडकलं.

“बाबा, आजोबांच्या नमुन्यातही आहे ही. तुम्ही आयुष्यभर दोरे बदलत बसलात.”

मास्तरांनी खाचेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने रक्त देऊन आले.

बदल त्यांच्या रक्तात निघाला. मग चिमणीचं तपासलं, तर तिच्यातही उतरलेला. त्या संध्याकाळी मास्तरांनी मला फाडायलाच घेतलं.

“मीच दिलं गं तुला हे.”

चिमणीने मला त्यांच्या हातून सोडवलं. “तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? धोका जास्त आहे, होणारच असं नाही म्हणाल्या बाई. सगळे शर्ट कुठे उसवतात?” असं म्हणून तिने लाल पेन्सिलीने खाचेभोवती गोल काढला.

आता मास्तर त्या जागी शिवणीच्या आत कापडाची माया जास्त सोडतात आणि दुहेरी टीप मारतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, खाच असलेल्या नमुन्याला फाडू नका आणि ती खाच झाकूही नका. घरातल्या मोठ्यांना विचारा, कोणाला काय झालं होतं. आणि वेळेवर डॉक्टरांकडे जा.

आज चिमणीची छातीची पहिली तपासणी आहे. ती दारात उभी आहे. मास्तर मघापासून दुकानाचं कुलूप शोधताहेत, गल्ला उपसला, गाठोडी उलटीपालटी केली. अहो, ते तुमच्याच मुठीत आहे! पण मला कुठे बोलता येतं? शेवटी चिमणीनेच त्यांची मूठ उघडली.