माझी वायर लागली तो दिवस

मी कीबोर्ड बोलतोय. हो हो, 'संत्रा बॉइज'चा! नाव आठवत नसेल तर राहू द्या, मला राग नाही येत. पंचवीस वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या चार पोट्ट्यांनी हा बँड काढला, अन् त्यांचं 'पोरी, तुझी सायकल पंक्चर' पार नागपूरपर्यंत वाजलं, टीव्हीवरही झळकलं.

गायचा वीरेंद्र, मला वाजवायचाही तोच. आता घरातली गोष्ट सांगतो. मंचावर माझी वायर कधी लागलीच नाही! मागे आमच्याच गाण्याची कॅसेट चालायची, वीरेंद्र तोंड हलवायचा आणि माझ्यावर नुसती बोटं नाचवायचा. टाळ्या पडल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग लोकांना नवी गाणी आवडू लागली. एक जण दुकानात बसला, दोघं पुण्याला नोकरीला गेले. वीरेंद्र कचेरीत बाबू झाला आणि मी पलंगाखाली गेलो. तरी कुठं बोलावलं की तो मला पुसून न्यायचा, सोबत गाण्याचा पेन ड्राइव्ह. आवाज बसला होता, अन् ते कोणाला कळू नये याचीच त्याला धास्ती.

गेल्या जानेवारीत सौसरला तृप्तीवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. भर दुपारी मंडप गच्च. तेवढ्यात साउंडवाले सुखदेवभाऊ म्हणाले, "सर, पेन ड्राइव्ह उघडूनच नाही राहिला."

वीरेंद्रनं वहिनींना बाजूला घेतलं. "तृप्ती, इज्जत जाते आता. वरचा सूर लागत नाही मले."

"अहो, मग कायले जाता एवढं वर? खाली घ्या ना!"

घ्या, एवढं सोपं होतं! त्यानं माझी वायर लावली, पट्टी उतरवायचं बटण चारदा दाबलं आणि गायला. आवाज घोगरा, पण त्याचा स्वतःचा. दुसऱ्या कडव्याला पोरं टाळ्यांचा ठेका धरून बसली.

गाणं संपल्यावर गणिताच्या शिवानी मॅडमनी विचारलंच, "सर, टीव्हीवर तुमचा आवाज वेगळा होता ना?"

"तिथं कॅसेट गात होती, मॅडम. मी नुसतं तोंड हलवत होतो."

मंडप हसला, वीरेंद्र त्याहून जास्त हसला. केवढं ओझं उतरलं हो त्याचं! माझंही.

आता मी बैठकीत असतो. चहा होईपर्यंत तो गातो, कधी बेसूरही होतो. वहिनी तसं तोंडावर सांगतात, त्याला काही वाटत नाही.

एक विनंती आहे. असा कुणी जुना गाणारा भेटला, तर 'पूर्वीसारखं म्हणा' असा हट्ट धरू नका. आता कसं गाता, ते विचारा.