वीतभर उंच

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या टीमच्या पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या मावशीसुद्धा सांगतील. पण त्या दिवशी फिरायला कारण होतं. व्हॉलीबॉलच्या निवड चाचणीची मॅच चालू होती आणि माझी सख्खी धाकटी बहीण, आमची सेटर, मला एकामागून एक भिकार बॉल देत होती.

सेटर म्हणजे नेटजवळ उभी राहून दुसरीला मारायला बॉल उचलून देणारी. धाकटी मला पहिल्यापासून खालून, सपाट, झपकन द्यायची. समोरच्या पोरी ब्लॉकला, म्हणजे नेटवर अडवायला, हात वर करेपर्यंत बॉल त्यांच्या कोर्टात आपटलेला असायचा. त्याच बॉलवर आम्ही वर्षानुवर्षं विजेतेपदं आणली. मला ‘तोफ’ म्हणायला लागले तेही त्याच्याच जिवावर.

खांद्याचं म्हणाल तर डॉक्टर कधीचे ‘आता पुरे’ म्हणतायत. त्यांचं काय जातंय म्हणायला? टीममध्ये एकच जागा उरली होती, आणि ती मला किंवा आमच्याच बाजूनं, नेटच्या दुसऱ्या टोकाला खेळणाऱ्या नव्या पोरीला मिळणार होती. मला नाही मिळाली तर मी संपले. मला दुसरं काही येत नाही. नोकरीसुद्धा खेळावरच लागली. ऑफिसात माझं टेबल आहे, पण त्यावर बसून काय करायचं हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

पहिल्या सेटमध्ये धाकटीनं दोन-तीनदा सपाट दिला, तर तो माझ्यापुढून निघूनच गेला. दर वेळी “चुकलं ताई” म्हणाली. मी सगळ्यांदेखत झापलं तिला. मग तिनं इतके उंच द्यायला सुरुवात केली की बॉल खाली येईपर्यंत समोरच्यांचा चहा पिऊन झाला असता. दोघी-दोघी हात वर करून माझी वाट बघत उभ्या. मारला की परत माझ्याच पायाशी. कोच सर खुर्चीत बसून नुसते बघत होते.

टाइमआउटला मी तिचा दंड धरला. “त्या पोरीला आत घ्यायचंय ना तुला? सरळ सांग.”

“सोड ताई. दुखतंय.”

“मग खाली का देत नाहीस?”

“दिला होता,” ती हळूच म्हणाली. “चुकले नव्हते मी. बॉल जिथं हवा तिथंच होता. तू पोचली नाहीस.”

“असं? कधीपासनं पोचत नाही मी?”

तिनं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. “मागच्या फायनलच्या आधीपासनं. तुला कळू नये म्हणून थोडा थोडा वर नेत गेले. चांगला वीतभर वर गेलाय. सरांच्या लक्षात आलं होतं. आज म्हणाले, मोठीला पहिल्यासारखा सपाट बॉल दे, मला बघायचंय.”

मागची फायनल. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा चषक मी घरी आईच्या हातात दिला, तेव्हा ही बया शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्यावर चिडायला गेले, तर रागच येईना. तिचा नाही, सरांचा नाही, कोणाचाच नाही. नुसतं कुठंतरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडावंसं वाटलं.

शिट्टी झाली. “आता खाली दे,” मी म्हटलं. “मी पोचते.”

ती टॉवेल टाकून नेटजवळ गेली.

समोरून सर्व्हिस आली. मागच्या पोरीनं बॉल छान वर काढला, धाकटी त्याच्याखाली गेली. मी धावत आले आणि होती नव्हती ती ताकद लावून उडाले. धाकटीनं बॉल मागं, नव्या पोरीला दिला. खालून, सपाट, झपकन. माझा बॉल.

सेटर असं करतेच. एकीला नुसतं उडवायचं, म्हणजे ब्लॉकवाल्या तिच्याबरोबर उडतात आणि दुसरीला मोकळं मिळतं. आजवर बॉल माझ्याकडं येणार नसला तरी पोरी माझ्याबरोबर उडायच्या, माझ्या धाकानं. ह्या वेळी समोरच्या दोघींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी अजून हवेत होते, आणि त्या दोघी नव्या पोरीकडं पळाल्या होत्या.