शंभरावी शर्यत

माझ्या नवऱ्याने सायकलच्या किती शर्यती जिंकल्या, हे तीन माणसांना विचारा, तीन उत्तरं मिळतील. सायकलवाल्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशेबाने एकोणीस. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे झुलाल आबांच्या हिशेबाने नव्व्याण्णव. आणि खुद्द भूपेंद्रला विचाराल तर तो गुडघ्याला मलम चोळत म्हणेल, "जाऊ द्या हो."

संघटनेचे नियम ऐकून ऐकून मला पाठ झालेत. आठवडाभराच्या शर्यतीत एका दिवसाचा टप्पा जिंकला तर एक विजय, शेवटी एकूण वेळेत पहिला आला तर आणखी एक. पण संघातले सगळे मिळून घड्याळाशी झुंजले आणि जिंकले, तर तो विजय संघाचा. मरमर मरणाऱ्याच्या नावावर शून्य. आणि लोकांच्या करमणुकीच्या शर्यती तर हिशेबातच नाहीत. आबांचा नियम सोपा. टॉवेल-टोपी मिळाली की विजय, मग शर्यत परदेशातली असो की साक्रीकडच्या जत्रेतली.

"शंभर व्हऊ दे, मंग उतर," असं ते चारचौघांत बोलून बसले होते. इकडे जळगावचे डॉक्टर सांगत होते, आता थांबला नाहीत तर जिना चढणंही जड जाईल. मी दोघांना समजावून दमले. एक ऐकत नाही, दुसरा बोलत नाही.

शेवटी आमच्या गावच्या जत्रेत शंभरावी ठरली. शेवटच्या चढावर भूपेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागे स्वप्नील होता, भूपेंद्रनेच तयार केलेला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती. सहज पुढे जाता आलं असतं, पण त्याने ब्रेक दाबले. मी कडेला उभी राहून पाहिलं. भूपेंद्रनेही वळून पाहिलं. तरी तो गेला आणि जिंकला.

गुलाल उडाला, डफ वाजला, आबांनी स्वतः टोपी घातली. भूपेंद्रने ती काढून त्यांच्या हातात दिली.

"आबा, ही मोजू नका. स्वप्नीलनं सोडली."

म्हणजे पुन्हा सराव, पुन्हा मलम, पुन्हा ते कण्हणं. एवढा हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?

आबांनी टोपी झटकली आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "माले माहीत शे. मीच सांगेल व्हतं त्याले."

"तुम्ही?"

"बठ्ठा गावपुढे शब्द दी बसनू व्हतू. तो कसा फिरवू? आनि तुना हाल देखावत नहीत माले."

भूपेंद्र तिथेच, गुलालात, मटकन खाली बसला. "आबा, एकदा नुसतं 'थांब' म्हणाला असतात, तर मी कधीच थांबलो असतो."

आबा त्याच्याशेजारी बसले आणि त्याचा गुडघा दाबू लागले.