चार दहाची गाडी

इराने इटलीला जायचं ठरवलं तेव्हा मोठ्या शहरांची, हॉटेलांची कामं सोहमकडे गेली आणि रोजच्या फिरतीचं काम आपसूक सुनेत्राबाईंकडे आलं. बडोदा स्टेशनच्या चौकशी खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. गाड्यांच्या वेळा सांगणं, माइकवरून घोषणा करणं हेच त्यांचं आयुष्य. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून लेक-जावयाबरोबर जाणं शक्य नव्हतं. पण घरात बसून बेत आखायला कोणाची ना होती?

बोलोन्यात मुक्काम ठेवायचा आणि तिथून रोज सकाळी साध्या पॅसेंजर गाडीने एकेका गावाला जाऊन संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं. या गाड्यांना आरक्षण नसतं, तिकीट काढलं की बसायचं, हे सुनेत्राबाईंना फार आवडलं. ऑक्टोबरात त्यांनी लॅपटॉप पुढे घेऊन शंभर पानी वही भरली. शुक्रवारी फेरारा, शनिवारी मोडेना, आणि रविवारी फाएन्झाला गाडी बदलून डोंगराकडच्या फाट्यावरचं एक लहानसं गाव. परतीची गाडी सव्वासहाची. प्रवास डिसेंबरातला होता आणि तिकडे त्याच महिन्यात वेळापत्रक बदलतं, हे त्यांना ठाऊक होतं. निघायच्या आठवड्यात सगळं पुन्हा तपासायचं, असं त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहूनही ठेवलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते राहून गेलं.

इरा रोज स्टेशनवर उतरली की आवाजी निरोप पाठवायची. शुक्रवारचा फेराराचा निरोप सुनेत्राबाईंनी स्वयंपाकघरात ऐकला. "आई, पोचलो. तुझी गाडी मिनिटावर आली." मागे इटालियन घोषणा चालू होती. ती संपता संपता आणखी एका बाईचा आवाज आला, अगदी लांबून. शब्द कळले नाहीत, पण सुनेत्राबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला.

शनिवारी मोडेनाहून निरोप आला तेव्हा त्या फोन कानाशी लावूनच बसल्या होत्या. या वेळी शब्द कळले. "मुसाफरो ध्यान आपो..." गुजराती. आणि 'प्लॅटफॉर्म'ला 'प्लेटफारम' म्हणणारी बाई त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती.

पद्मा शिर्के. चौकशी खिडकीत शेजारच्या खुर्चीवर बसायची; वेळा सुनेत्राबाई काढून द्यायच्या आणि गुजराती घोषणा ती करायची.

एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी पद्माला डभोईला जावंसं वाटलं. तिथला जुना दरवाजा, त्यावरचं कोरीव काम बघायचं होतं. नवऱ्याला, धनाजीरावांना, सवड नव्हती, म्हणून ती एकटीच निघाली. जायची गाडी, यायची गाडी सुनेत्राबाईंनीच चिठ्ठीवर लिहून दिली. त्या छोट्या गाडीचं वेळापत्रक त्याच महिन्याच्या एक तारखेला बदललं होतं, आणि चिठ्ठीवरची वेळ जुनी होती. परतायला पद्मा डभोई स्टेशनवर आली तेव्हा शेवटची गाडी जाऊन तास झाला होता. सात वाजता ती बाकावर बसलेली एका हमालाने पाहिली. त्यानंतर तिला कोणीच पाहिलं नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. चिठ्ठीबद्दल कोणी विचारलं नाही आणि सुनेत्राबाईंनी सांगितलं नाही.

शनिवारचा तो निरोप त्यांनी शेजारच्या संयोगिताला ऐकवला. "इटालियन बोलतायत ना काकू," ती म्हणाली. "दुसरं काय आहे त्यात?"

रविवारी दुपारी साडेतीनला डोंगराकडच्या गावाहून निरोप आला. "आई, इथे स्टेशनात चिटपाखरू नाही. आम्ही वर किल्ल्याकडे निघालोय." इरा थांबली. मग वारा ऐकू आला, आणि मग खोलीत कोणी शेजारी बसून बोलावं इतक्या स्वच्छ आवाजात पद्मा म्हणाली, "मुसाफरो ध्यान आपो. फाएन्झा जती छेल्ली गाडी चार ने दस मिनिटे ऊपडशे." 'छेल्ली'च्या आधी ती नेहमीसारखी श्वास घ्यायला थांबली.

शेवटची गाडी चार दहाला.

सुनेत्राबाईंनी लॅपटॉप उघडला. एका डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं. नवं वेळापत्रक त्याच दिवसापासून लागलं होतं, आणि त्यात सव्वासहाची गाडी नव्हती. रविवारची शेवटची गाडी चार दहा.

तिकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे वेळ भरपूर होता. पण इराचा फोन लागेना. सोहमचाही नाही. सुनेत्राबाई दर पाच मिनिटांनी लावत राहिल्या. चहा झाला नाही, देवापाशी दिवा लागला नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी इराने फोन उचलला. तिकडे चारला दहा कमी होते.

"आई, किती मिस्ड कॉल. वर नेटवर्कच नव्हतं. आता कॉफी प्यायला बसलोय."

"ऊठ. गाडी चार दहाची आहे."

"सव्वासहाची ना?"

"ती बंद झाली. माझी चूक झाली, इरा. कॉफी तशीच ठेव आणि निघ."

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. नऊ वाजता फाएन्झाच्या गाडीतून तिचा फोन आला. पळत उतरलो, दार बंद होता होता चढलो, म्हणाली. अंधार पडायला लागला होता आणि स्टेशनात अजूनही कोणी नव्हतं. "घोषणा झाली का गं गाडीची?" सुनेत्राबाईंनी विचारलं. "नाही आई. इथे स्पीकरच नाहीये."

सोमवारी सकाळी त्या रिक्षाने जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीत गेल्या. धनाजीराव सून स्नेहलबरोबर वरच्या मजल्यावर राहत होते. जिना चढताना सुनेत्राबाई तीनदा थांबल्या. धनाजीराव खिडकीशी पेपर वाचत होते. पंच्याहत्तरी उलटली होती.

"आवो आवो सुनेत्राबेन," ते म्हणाले. "या वाटेला कशा?"

सुनेत्राबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. चिठ्ठी, एक तारीख, जुनी वेळ. धनाजीराव ऐकत राहिले. स्नेहल पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी राहिली.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"मला वाटलं होतं, ती मला सोडून गेली." ते सावकाश बोलत होते. "आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. एकोणीस वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. श्राद्ध करू दिलं नाही मुलाला. म्हटलं, जिवंत आहे, मजेत आहे कुठेतरी. आणि ती बाकावर बसून गाडीची वाट बघत होती."

 सुनेत्राबाईंनी फोन काढला, इराचा कालचा निरोप लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. धनाजीरावांचा चेहरा हलला नाही. निरोप संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

"तीच आहे," ते म्हणाले. "हे मला पाठवा. आणि मग जा तुम्ही. पुन्हा येऊ नका."

सुनेत्राबाईंनी तिथेच निरोप पाठवला. धनाजीरावांच्या फोनवर टिंग वाजलं. स्नेहलने तो लावून दिला, मोठ्या आवाजात. इराचं बोलणं आलं, वारा आला, आणि निरोप संपला. पद्माचा आवाज त्यात नव्हता. स्नेहलने सुनेत्राबाईंकडे पाहिलं. धनाजीरावांनी मात्र हात वर करून दोघींना गप्प केलं, फोन सुनेच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. फोनचा पडदा काळा झाला होता. ते मान हलवत होते.

सुनेत्राबाई भिंतीला धरून जिना उतरू लागल्या. अर्ध्यावर आल्या असतील नसतील, तेव्हा वरून धनाजीराव बोलताना ऐकू आले. आवाज हळू होता, समजूत घातल्यासारखा. "हो, हो, कळलं मला. रागावलो नाही." मग थोडा वेळ शांत. मग, "तू तिथेच बैस. मी येतो."

स्नेहल धावत जिन्यापाशी आली. "काकू," ती वरूनच म्हणाली, "बाबा डभोईची गाडी विचारतायत."

सुनेत्राबाईंना आजची वेळ तोंडपाठ होती. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती सांगितली नाही.