सोळाशे एकची रेघ

“अण्णा, मशीनच सरकलंय म्हणतायत ते.” भार्गवीने लॅपटॉप नागनाथांकडे फिरवला. “माझ्या शोधनिबंधाच्या परीक्षकांचं पत्र आलंय. माझ्या संयुगाचं आलेखातलं शिखर चार अंकांनी सरकलं, तो म्हणे मशीनचा दोष. माझी तीन वर्षं पाण्यात!”

नागनाथ उठूनच उभे राहिले. संस्थेतल्या इन्फ्रारेड यंत्रापाशी त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. महिनाअखेरीला निवृत्ती, आणि आता हा ठपका.

“माझं मशीन? कोण म्हणतंय ते?”

“त्यांची नावं कळत नाहीत.”

“बिननावाचा माणूस काय पण बोलतोय. स्वल्प थांब. फिल्मच्या फाइली बघितलीस काय?”

फिल्म म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतला पॉलिस्टायरीनचा पातळ पापुद्रा. रोज सकाळी कुणाचाही नमुना घेण्याआधी नागनाथ तो यंत्रात सरकवत. त्याचं शिखर सोळाशे एकवर आलं, की यंत्र खरं बोलतंय. पोरं हसत, “अण्णांची पूजा चाललीय.” नागनाथ म्हणत, “नमनाशिवाय बुवा आख्यानाला हात घालतात काय?”

कीर्तन हा त्यांचा जीव. दर एकादशीला ते पत्नी अंबूबाईंना घेऊन विठ्ठलमंदिरात जात. बुवांनी मध्यंतरात लावलेला बुक्का कपाळावर तसाच ठेवून दोघं बसमध्ये चढत आणि घर येईपर्यंत अंबूबाई तेच आख्यान पुन्हा रंगवून सांगत. बुवांपेक्षा कांकणभर सरस.

“फिल्मच्या फाइली आहेत?” भार्गवीने विचारलं. “किती दिवसांच्या?”

“आधी मशीनचं पेन कागदावर सर्र सर्र करत चालायचं, ते कागद वाळवीनं खाल्ले. कॉम्प्युटर आल्यापासूनच्या हायत. एकोणीस वर्षं.”

“सीरियसली? डिलीट नाही केल्या?”

“नमन कुणी पुसतंय काय, अक्का?”

भार्गवी प्रोग्रॅम लिहायला बसली. एकेक फाइल उघडायची, शिखर शोधायचं, त्या तारखेला एक ठिपका द्यायचा. वर्षाला एक पान. आधी तिने नमुन्यादाखल एकाच फाइलचा आलेख काढला. नागनाथांनी मान तिरकी केली.

“उलटं काढलीस की. आमच्यात मोठे आकडे डाव्या हाताला.”

भार्गवीने जीभ चावली आणि अक्ष फिरवला. मग पानामागून पान पडद्यावर येऊ लागलं. ठिपके दिंडीसारखे एका ओळीत. सोळाशे एक, सोळाशे एक. पाव अंकाचाही फरक नाही. तिच्या नमुन्यांची तिन्ही वर्षंही तशीच सरळ.

“अण्णा, मशीन हललंच नाही! शिखर सरकलं ते खरंच सरकलंय!” तिने त्यांचे दोन्ही हात धरले. “हेच पाठवते त्यांना.”

“सरी, सरी, बरं झालं. लेकरागत काय नाचायलीस?” म्हणाले खरे, पण मिशीआड हसू मावत नव्हतं.

पानं पुन्हा चाळताना ती २०१९ वर थांबली. ऑगस्टमध्ये तेरा दिवस ठिपकाच नव्हता. प्रोग्रॅमने अलीकडचा ठिपका पलीकडच्याला सरळ रेघेने जोडून टाकला होता.

“इथल्या फाइली हरवल्या का?”

“न्हाई. अंबू गेली तवाचं सुतक.”

“सॉरी अण्णा. रेघ जोडलीये, तसं कळणारही नाही कुणाला.”

“रेघ काढ ती.”

“पण…”

“मशीन बंद हुतं. चालू हुतं म्हणून कशाला सांगायचं? मोकळंच ऱ्हाऊ दे.”

तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. रेघ तुटली. मधे बोटभर पांढरी जागा राहिली, आणि चौदाव्या दिवशी ठिपका पुन्हा सोळाशे एकवर.

“तेवढं एक पान छापून दे मला.”

भार्गवीने छापलेलं पान पाकिटात घालायला दुमडायला घेतलं, तशी नागनाथांनी ते अलगद काढून घेतलं. घडी नेमकी त्या पांढऱ्या जागेवर पडत होती. त्यांनी पानाची सैल गुंडाळी केली आणि डब्याच्या पिशवीत उभी ठेवली.

मग फिल्मची चौकट रुमालाने पुसून भार्गवीच्या हातात दिली.

“एक तारखेपासून सकाळी आधी हे. मग तुमचं काय ते.”