सातव्या वळणाचा अहवाल

वळण: सातवे. झेंडा: मी, बारा वर्षे इथेच.

काय घडले: शर्यतीत एक मोटरसायकल घसरली. अशा वेळी पिवळा झेंडा दाखवतात, मग कुणी कुणाला ओलांडायचे नसते. सत्तावीस नंबरच्या पोरीने ओलांडले. मी सवयीने वॉकीटॉकीवर तिचा नंबर सांगून टाकला. तिचे तिसरे स्थान, आयुष्यातले पहिले बक्षीस, गेले.

चूक कुणाची: (इथे दोनदा खोडले आहे.) माझी. हातात थर्मासचे झाकण होते. झेंडा वर गेला तेव्हा ती ओलांडून पुढे गेली होती. हे लिहिल्यावर वळण माझ्याकडे राहणार नाही, ठाऊक आहे. सही करते.

मुख्य पंचांनी कागद माझ्यासमोरच वाचला.

"काकू, हे लिहिलं नसतंत तर कुणाला कळलं असतं?"

"त्या पोरीला कळलेलंच आहे की."

त्यांनी फोन उचलला. "सत्तावीसला तिसरा नंबर परत द्या." मग अहवालाच्या शेवटच्या रिकाम्या चौकटीत लिहिले:

पुढची शर्यत: सातवे वळण, काकूच. थर्मास घरी.